हे बंद कसं करायचं?

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद चालू होती. सातवीच्या वर्गात सतरंज्या अंथरलेल्या, मागच्या भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, दाराशी चपलांचा ढीग, व्हरांड्यातून आल्याच्या चहाचा वास. फळ्याशेजारी नवं कोरं ७५ इंची पॅनेल, म्हणजे बोटानं चालणारा मोठा पडदा. कडेची प्लास्टिकची फिल्मसुद्धा अजून कुणी काढली नव्हती. तंत्रस्नेही म्हणून बोलावलेले सर बोटानं मानवी हृदय फिरवून दाखवत होते. हृदय उघडलं, कप्पे दिसले, लाल-निळं रक्त वाहायला लागलं आणि खोलीतले सगळे मोबाइल एकदम वर गेले. फोटो काढून झाले. सरांनी "काही शंका?" असं विचारलं, तशा मागच्या रांगेतल्या निवृत्तीला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "सर, चालू करायचं कळलं. हे बंद कसं करायचं तेवढं सांगा की." हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बाई, आधी चालू तर होऊ द्या!" सरही हसले, "बटण दाबायचं, झालं," म्हणाले आणि पुढची स्लाइड आली.

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी विचारला गेलेला तो एकमेव कामाचा प्रश्न होता.

आपल्याकडे तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण म्हणजे चालू असलेल्या यंत्राचं प्रदर्शन. वीज असते, नेट असतं, पडदे ओढलेले असतात, आणि समोर बसलेली पन्नास माणसं आधीच शिकलेली असतात. शाळेत सोमवारी यातलं काहीच नसतं. यात बोलावलेल्या सरांचा दोष नाही; ते बिचारे स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून येतात, रात्री जागून पीपीटी करतात. गावानंही लोकवर्गणी काढलेली असते, त्यामुळे पॅनेलला हार घालताना सरपंचांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट टोचत राहते. यंत्र बिघडतं ते अनेकदा चुकीच्या पद्धतीनं बंद झाल्यामुळे, आणि नेमका तोच धडा कुणी घेत नाही.

प्रोजेक्टरचंच घ्या. जुन्या शाळांत अजूनही दिव्याचे प्रोजेक्टर आहेत. त्यातला पाऱ्याच्या वाफेचा दिवा प्रचंड तापतो. बटण दाबून बंद केलं की दिवा विझतो, पण पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो आणि आतली उष्णता बाहेर फेकतो. पंखा थांबल्यावरच प्लग काढायचा. घंटा झाली म्हणून कुणी भिंतीवरचं बटण खटकन पाडलं, तर ती सगळी उष्णता आत कोंडते आणि दिव्याचं आयुष्य घटत जातं. कधी तो फुटतोसुद्धा. लाइट जाते तेव्हाही हेच होतं, आणि आपल्याकडे लाइट घंटा बघून जात नाही. यावर साधा उपाय म्हणजे प्रोजेक्टरपुरता ६०० व्हीएचा यूपीएस. त्यावर तास घेता येत नाही, पण लाइट गेल्यावर मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत यंत्र रीतसर थंड करून बंद करता येतं. शिवाय लाइट लगेच परत आली तरी तापलेला दिवा पेटत नाही, तो आधी निवावा लागतो. हे माहीत नसलं की माणूस तीन-तीनदा बटण दाबतो आणि 'बिघडला' असा शेरा मारून प्रोजेक्टर कपाटात टाकतो. एलईडी प्रोजेक्टरला हा त्रास जवळजवळ नाही. मात्र त्यातले स्वस्त प्रोजेक्टर इतके मिणमिणते असतात की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत खिडक्या लावून घेणं काय असतं ते लातूर-बीडच्या माणसाला सांगायला नको.

इन्व्हर्टरचं प्रकरण याच्या उलटं. उन्हाळ्याच्या सुट्टीला कुलूप लावताना मेन स्विच पाडायचा ही चांगली सवय, पण इन्व्हर्टर चालूच राहिला तर चार्जिंग तुटलेलं आणि बॅटरीवरचा भार सुरू, अशी अवस्था होते. नुसता इन्व्हर्टर जागा ठेवायलासुद्धा वीज लागते. काही दिवसांत बॅटरी पूर्ण उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत मे महिन्याच्या गरमीत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा बॅटरी गेलेली असते आणि दोष कंपनीला दिला जातो. सुट्टीआधी करायचं ते असं: बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्यायची, पाण्याची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघायचं, इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करायचा, मग बॅटरीची एक वायर सोडवून तिला टेप गुंडाळायची. शेजारी राहणारं कुणी असेल तर मधे एकदा परत जोडून दिवसभर चार्ज करून घ्यावी. पाणी घालायचं ते डिस्टिल्ड. बोअरचं पाणी घातलेल्या बॅटऱ्या आपल्या भागात ढिगानं सापडतील. पाच लिटरच्या कॅनचे पैसे वाचवायला जाऊन हजारोंची बॅटरी घालवायची, कारण आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

आणि हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नाही हे पथ्य धरलं तर हाती अकराशे-बाराशे राहतात. मोठं पॅनेल दोनशे वॅटच्या आसपास घेतं, दोन पंखे दीडशे. म्हणजे तीन-सव्वातीन तास, तेही बॅटरी नवी असताना. पंखे बंद केले तर पॅनेल जास्त चालेल, पण लेकरं चालणार नाहीत.

एक तक्रार परिषदेत हमखास निघते आणि हसण्यावारी जाते: "पॅनेलच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात." तिच्यावर हसू नये. अशा यंत्रांच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते अगदी थोडी वीज बाहेरच्या धातूच्या चौकटीकडे सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर चौकटीवर बसून राहते आणि हात लावणाऱ्याला जाणवते. नुसत्या तेवढ्यानं सहसा इजा होत नाही, पण आत खरोखर वायर सुटून चौकटीला टेकली तर वाचवायला काहीच नाही, हे त्या झिणझिण्या सांगत असतात. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, मात्र तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मल्टिमीटर लावून बघायचं. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि हे वायरमनकडून बघून घ्यायचं, उत्साही शिक्षकानं करायचं काम नव्हे.

अर्थिंग केलेलं असलं तरी आपल्या जमिनीचा स्वभाव आडवा येतो. अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं, हे सगळं पावसाळ्यात काळ्या मातीत उत्तम चालतं. फेब्रुवारीनंतर तीच माती आकसते, भेगा पडतात, पाइपाला धरून असलेली माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी ओतायचं असतं. टँकरच्या गावात हे सांगायला जीभ रेटत नाही. मग निदान हात धुवायच्या नळाचं सांडपाणी तिकडे वळवता येतं. काही शाळांनी ते केलंय आणि ते चालतं. डोंगरपट्ट्यात दोन फुटांवर खडक लागतो, तिथे अर्थिंगचा खड्डा शाळेजवळ न घेता मातीचा थर जिथे सापडेल तिथे घेऊन वायर आणावी लागते. आणि अवकाळीचं आभाळ भरून आलं, विजा कडाडायला लागल्या, की अर्थिंगवर भरवसा न ठेवता प्लग काढायचा. नेटची आणि डिशची वायरसुद्धा. नुसतं बटण पाडल्यानं विजेपासून यंत्र वाचत नाही, कारण ती बटणाच्या दोन पात्यांमधलं अंतर सहज ओलांडते.

आता पॅनेल जवळून पाहू. शाळांत येणाऱ्या बहुतेक पॅनेलांच्या काचेला स्पर्श कळत नाही. चौकटीच्या आत सगळीकडून न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी काचेच्या किंचित वर पसरलेली असते. बोटानं किरण अडला की तिथे स्पर्श झाला असं यंत्र समजतं. बोट असो, पेन्सिल असो, माशी असो, त्याला सगळं सारखंच. म्हणून लिहिताना बाईंचा पदर काचेजवळून गेला की फळ्यावर आपोआप एक रेघ उमटते. बांगड्या टेकल्या की ठिपके. सरांची फुल शर्टाची बाही खाली लोंबत असली की अक्षर सोडून भलतंच खोडलं जातं. पोरं खदखदून हसतात, शिक्षक ओशाळतो आणि दुसऱ्या दिवसापासून पॅनेलवर लिहायचं बंद होतं. यात बिघाड काहीच नाही. पदर खोचायचा, मनगट काचेपासून उचललेलं ठेवायचं, एवढं दोन दिवसांत जमतं. स्पर्श एका पट्टीत लागतच नसेल तर चौकटीच्या आतल्या कडेवर खडूची धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, ओल्या नव्हे. दारातून थेट ऊन पडतं त्या तासाला पॅनेल वेड्यासारखं वागतं, कारण उन्हातही तेच किरण असतात. म्हणून पॅनेल दारासमोरच्या भिंतीवर लावू नये, आणि खडूच्या फळ्याला अगदी चिकटून तर नाहीच. परिषदेतलं ते पॅनेल नेमकं दोन्ही प्रकारे लावलेलं होतं. सोबत येणारा पेन हरवला म्हणून हळहळायची गरज नाही. तो प्लास्टिकचा दांडा असतो, त्यात काही नसतं.

दिसण्याचं गणित तर कुणी मांडतच नाही. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची जेमतेम ५३ सेंटिमीटर. मजकूर वाचायचा असेल तर पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतर ही साधारण मर्यादा, म्हणजे सव्वातीन मीटरपलीकडे बसलेल्याला फक्त रंग हलताना दिसतात. आपली वर्गखोली सात-साडेसात मीटर लांब असते. मागची निम्मी लेकरं गप्प बसलेली दिसतात त्याला आपण शिस्त म्हणतो. ७५ इंची पॅनेलला ही मर्यादा साडेपाच मीटरच्या आसपास जाते. देवनागरीला तर वरची वेलांटी-मात्रा-रफार आणि खालचा उकार यांनाही जागा लागते. त्यामुळे एका पडद्यावर पाच-सहा ओळींच्या वर मजकूर घालूच नये, आणि टाइप ठसठशीत घ्यावा. 'मुक्ता' किंवा 'बलू' फुकट मिळतात. आणखी एक नेहमीची फजिती: घरच्या संगणकावर जुन्या फाँटमध्ये केलेली पीपीटी परिषदेच्या पॅनेलवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा. युनिकोडमध्येच टाइप करावं, आणि तरीही सोबत एक पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. पीडीएफमध्ये फाँट आतच बसलेला असतो.

पण बाईंच्या प्रश्नाचा एक अर्थ याहून खोल आहे, त्यांच्या मनात तो असो नसो. शिकवता शिकवता पडदा कधी बंद करायचा?

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ पासून 'पीअर इन्स्ट्रक्शन' नावाची पद्धत रुजवली. एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, ते सगळ्यांनी एकदम दाखवायचं. ३० ते ७० टक्क्यांची उत्तरं बरोबर आली तर शिक्षकानं तोंड उघडायचं नाही. शेजारच्याला पटवून सांगा म्हणायचं आणि पुन्हा विचारायचं. सत्तरच्या वर असेल तर थोडक्यात सांगून पुढे जायचं, तीसच्या खाली असेल तर धडा पुन्हा शिकवायचा. सुरुवातीला तिथंही उत्तरं यंत्राशिवायच घेत असत, यंत्रं नंतर आली. हे आपल्याकडे एका फोनवर होतं. प्लिकर्स नावाचं ॲप आहे, त्याची कार्डं फुकट छापून मिळतात. प्रत्येक कार्डावर एक काळी-पांढरी आकृती, प्रत्येक मुलाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर ते लागलीच कळतं. आकृत्या वेगळ्या असल्यानं शेजाऱ्याचं बघून काहीच कळत नाही. हात वर करा म्हटलं की सगळा वर्ग आधी पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीकडे बघतो, तो प्रकार इथे संपतो.

बिघडतं कुठे तेही सांगायला हवं. कार्डं टिकावीत म्हणून हौसेनं चकचकीत लॅमिनेशन केलं की उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. जाड कागदावर छापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत. लेकरं कार्ड मधोमध पकडतात, बोटं आकृतीवर येतात. कडेला दोन अंगठ्यांनी धरायला पहिल्या दिवशीच शिकवावं. कार्ड तिरकं धरलं तर उत्तर भलतंच येतं. फोनला नेट हवं, आणि प्रश्न आदल्या रात्री चढवून ठेवलेले बरे. सगळ्यात महत्त्वाचे असतात चुकीचे पर्याय. 'एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?' याला 'एक चतुर्थांश' हा पर्याय हवाच, कारण चार हे तीनापेक्षा मोठे, असं निम्म्या वर्गाला मनापासून वाटतं. मतं आली की पडद्यावर लगेच आलेख दाखवायचा मोह होतो. तो दाखवला की सगळे उंच खांबाकडे जाऊन बसतात आणि वाद संपतो. तिथेच पडदा बंद करायचा. काळ्या पडद्यासमोर पोरं एकमेकांकडे वळतात. एखादी पोरगी शेजारणीला म्हणते, "अगं, एक भाकर तिघीत वाटली तर जास्त येईल का चौघीत?" आणि शेजारीण गप्प होऊन कार्ड फिरवते. हृदयाच्या त्या फिरत्या चित्रासमोर कुणी कुणाशी असं भांडत नाही.

नेट नसेल तर पाटी आहेच. सगळ्यांनी उत्तर लिहून एकदम वर धरायचं. नोंद राहत नाही, एवढाच फरक.

दुसरी स्वस्त आणि कामाची सोय म्हणजे लेकराची वही पडद्यावर मोठी करून दाखवणं. फोन वहीपासून फूटभर उंचीवर आडवा राहील असं स्टँड अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचं होतं. चार पाय, वर दोन आडव्या पट्ट्या. उजेड बाजूनं घ्यावा, डोक्यावरून घेतला तर फोनची सावली वहीवर पडते. चित्र आपोआप फिरणं बंद करावं. आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावल्याशिवाय फोन पडद्याला जोडू नये, नाहीतर भागाकार चालू असताना 'माहिती तातडीने सादर करावी' हा निरोप सगळ्या वर्गाला वाचायला मिळतो. जोडणी हा मात्र डोकेदुखीचा विषय. टाइप-सीवरून एचडीएमआय करणारा ॲडॉप्टर घेऊन फसलेले शिक्षक प्रत्येक केंद्रात आहेत. स्वस्त फोनांच्या टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर येतच नाही, मग ॲडॉप्टर कितीही महागाचा घ्या. बिनतारी जोडायचं तर टीव्हीत आणि फोनमध्येही मिराकास्ट (फोनचा पडदा वायरीशिवाय टीव्हीवर दाखवायची सोय) असेल तर फोन थेट जोडतो. क्रोमकास्ट ही गूगलची तशीच सोय असेल तर टीव्ही आणि फोन दोन्ही एकाच वायफायवर हवेत, आणि त्यासाठी हॉटस्पॉट दुसऱ्या फोनवरून द्यावा. पडद्यावर कुणाची वही घ्यायची हेही सांभाळून ठरवावं. चुकलेलं गणित घ्यावं, पण नाव झाकून.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून परिषदांमध्ये त्यांचं नाव घेतल्याशिवाय प्रास्ताविक संपत नाही. पण त्यांचं गाजलेलं काम होतं पुस्तकाच्या पानावर चिकटवलेला क्यूआर कोड, म्हणजे कागदाचा चौकोन. त्याला अर्थिंग लागत नाही आणि तो बंदही करावा लागत नाही. पॅनेल नको असं माझं म्हणणं नाही, आलेलं आहे तर वापरावं. पण संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये मिळतं, त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता सगळं. त्या शाळेला पुढच्या परिषदेत तासभर कार्डं, वायरी आणि बॅटरीच शिकवावी. हृदय नंतर फिरवता येईल.

कार्डांबद्दल एक राहिलं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गाड्या जातात आणि बीड-धारूरकडच्या वर्गांतले कितीतरी नंबर रिकामे होतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची फडावर. त्यांचा नंबर नव्यानं आलेल्या कुणाला देऊ नये, नाहीतर ॲपमध्ये दोघांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात आणि मार्चमध्ये परत आलेल्या पोराला नेमकं कुठून शिकवायचं ते कळत नाही. गेलेल्यांची कार्डं एका पाकिटात घालून वर पट क्रमांक लिहून ठेवावीत. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो, ६३ चाही मिळतो. वर्ग पंचवीसचा असला तरी सगळी छापून घ्यावीत, कारण कार्डं हरवतातच.